बदलीचा कागद आणि मंडळीचा स्वभाव

प्रश्न : आमची मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, तालुक्याच्या गावची. पाळकसाहेब दर तीन-चार वर्षांनी बदलतात, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीवर आलटून-पालटून तीच दोन घरं. तरुण मुलं शनिवारी संध्याकाळी एका स्वतंत्र फेलोशिपला जातात, तिथे दशांश देतात आणि रविवारी आमच्या थैलीत दहाची नोट टाकतात. उपदेशात दर वेळी ऐकायला मिळतं की लोकांची भक्ती आटली. मला वाटतं दोष कारभाराच्या रचनेत आहे. रचनेचा माणसांच्या वागण्यावर खरंच एवढा परिणाम होतो, की मी पळवाट शोधतोय?

उत्तर :

होतो. पळवाट नाही ही. फक्त 'रचना' म्हणजे घटनेच्या पुस्तकात छापली आहे ती, असं समजू नका.

मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. बँकेत नोकरी केली, स्वतःच्या मंडळीत अकरा वर्षं खजिनदार होतो, आणि नंतरची वीसेक वर्षं निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांना मतदारयादी, हिशेब, घटनादुरुस्ती, धर्मादाय आयुक्तांकडचे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) अशा रुक्ष कामांत हात देत आलो. नव्या ठिकाणी गेलो की मी आधी विचारतो, पाळकांच्या बदलीचा कागद कोण काढतं? मग चेकवर सह्या कोणाच्या, आणि चर्चच्या जागेचा उतारा कोणाच्या नावावर? एवढं कळलं की मंडळी कशी वागत असेल याचा बराच अंदाज येतो. बंगल्यावर डबा कोण पाठवतं, वर्गणी मार्चपर्यंत कोण लांबवतं, सभेत तोंड न उघडता फाटकाबाहेर तासभर कोण बोलत उभं राहतं, हे सगळं त्या उत्तरांत असतं.

पुस्तकी भाषेत कारभाराच्या तीन पद्धती. बिशपप्रधान, म्हणजे अधिकार वरून खाली. वडीलमंडळाची, म्हणजे निवडलेले वडील आणि त्यांच्या चढत्या पायऱ्यांच्या सभा. आणि मंडळीप्रधान, म्हणजे स्थानिक मंडळीच सर्वोच्च, तिच्यावर कोणी नाही. महाराष्ट्रात या तिन्ही पद्धती गावं वाटून घेतल्यासारख्या आल्या. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) गेले, ते मंडळीप्रधान परंपरेचे. स्कॉटिश मिशनने 1823 पासून कोकणात काम धरलं, जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईला आले, ही वडीलमंडळाची परंपरा. नाशिकला 1832 मध्ये आलेलं आणि 1854 मध्ये शरणपूर वसवणारं चर्च मिशन अँग्लिकन, म्हणजे बिशपांचं. आपल्या पणजोबांनी पद्धतींचा अभ्यास करून पंथ निवडला नव्हता. ज्या मिशनचा तंबू गावाबाहेर पडला, त्या मिशनची पद्धत घरात आली.

नगरकडची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे सापडेल. मंडळीप्रधान तत्त्वानुसार पाळकाला बोलावणं मंडळीने पाठवायचं, पगार मंडळीने द्यायचा, शिस्तही मंडळीनेच लावायची. 1854-55 मध्ये या अमेरिकन मिशनच्या बोस्टनच्या मुख्य कचेरीतले सचिव रूफस अँडरसन स्वतः इकडे पाहणीला आले. त्यांचा आग्रह हाच, की मंडळ्यांनी स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा. हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक यांच्यासारख्या आपल्या माणसांना दीक्षा मिळाली ती त्याच काळात. तत्त्व उत्तमच होतं. पण खेड्यातला शिक्षक-उपदेशक मिशनच्या पगारावर, शाळा मिशनची, दुष्काळात धान्य मिशनचं, आणि जागेचा कागद मिशनच्या पेटीत. ज्यांच्या पिढ्या गावकुसाबाहेर गेल्या त्या माणसांना सभेत हात वर करण्याचा अधिकार मिळाला, पण हात वर करून काही हलत नाही हेही त्यांना दिसलं. हलायचं ते मिशनरी साहेबाच्या बंगल्यावर. म्हणून लोक सभेला कमी आणि बंगल्याच्या पायरीवर जास्त जाऊ लागले. घटना मंडळीप्रधान होती, वागणं दरबारी झालं.

आजही तुमच्या तोंडून 'पाळकसाहेब' येतं, 'बिशपसाहेब' येतं. वसईचा कॅथलिक माणूस 'फादर' म्हणतो, फेलोशिपची पोरं 'पास्टर' किंवा 'ब्रदर' म्हणतात, आणि आपण 'साहेब'. हा नुसता आदर नव्हे, जुन्या बंगल्याची सावली आहे ती. साहेबाकडे अर्ज करतात, साहेबामागे कुरकुर करतात, साहेबाची बदली झाली की हार घालतात. साहेबाबरोबर बसून कोणी अंदाजपत्रक करत नाही.

हे त्या काळातल्या शहाण्या माणसांना कळत नव्हतं असं नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि पुढच्या दोन वर्षांतच तिथल्या मठातल्या भगिनींना पत्रातून बजावलं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं चढवून घेणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. नावात दरबार असला तरी कल्पना बंधुभावाची होती. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मोकळ्या रचनेचं हे दुखणं तेव्हापासूनचं आहे. माणूस गेला की घर जातं. फेलोशिपकडे बघताना हे लक्षात ठेवा.

पुढे 1924 मध्ये मंडळीप्रधान आणि वडीलमंडळाच्या परंपरा उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत एक झाल्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन परंपरेतले मेथॉडिस्ट शेवटच्या क्षणी बाजूला राहिले. नव्या घटनेने अँग्लिकनांचा बिशप घेतला, वडीलमंडळाच्या सभांची उतरंड घेतली आणि मंडळीप्रधानांसाठी पास्टरेटला काही स्वायत्तता ठेवली. कागदावर ही तडजोड मला आजही सुंदर वाटते. पण व्यवहारात प्रत्येक भागाला दुसऱ्याला अडवता येतं, आणि 'हे माझ्याकडे नाही' असंही प्रत्येकाला म्हणता येतं.

एका मंडळीचं छप्पर गळत होतं. पास्टरेट कमिटी म्हणाली, इमारत ट्रस्टची. ट्रस्टने धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या हद्दीच्या, प्रॉपर्टी कमिटीकडे बोट दाखवलं. प्रॉपर्टी कमिटीने अंदाजपत्रक मागवलं, मग दुसऱ्या ठेकेदाराचंही मागवलं. तिसऱ्या पावसाळ्यात एका सधन कुटुंबाने कोणालाही न विचारता स्वखर्चाने पत्रे टाकले. सगळ्यांनी आभार मानले, भिंतीवर संगमरवरी पाटी लागली. पुढच्या वर्षी नाताळची सजावट कुठल्या रंगाची यावरून वाद झाला, तेव्हा त्या घरातले गृहस्थ सभेत एवढंच म्हणाले, "छप्पर कोणी टाकलं ते जरा आठवा." सभा तिथे संपली. ते गृहस्थ उद्धट नव्हते. रचनेने सरळ वाट बंद केल्यावर त्यांनी आडवाट काढली, आणि आडवाट काढणारा तिचा मालक होतो. बाकीचे काय शिकले? की हात वर करण्यापेक्षा खिसा मोठा असावा, आणि तो नसेल तर गप्प बसावं.

आता तुमच्या दोन घरांकडे येतो. लोक म्हणतात ती घरं राजकारणी आहेत. असतीलही. पण बदलीच्या पद्धतीत काय होतं ते पाहा. बदल्या एका चांगल्या हेतूने आल्या. पाळकाने एका जागी मुळं धरून संस्थान करू नये, गरीब खेड्यालाही चांगला पाळक मिळावा, हा तो हेतू. मेथॉडिस्टांकडे तर वार्षिक परिषदेत नेमणुका वाचून दाखवतात तोवर पाळकाच्या बायकोला पुढची शाळा शोधता येत नाही. पण पाळक फिरता झाला की गावात कायम कोण राहिलं? ज्यांच्याकडे किल्ल्या आहेत, जुनी रजिस्टरं आहेत, आणि दफनभूमीत कोणाची जागा कुठे हे ज्यांना तोंडपाठ आहे, ते. नवा पाळक पहिल्या दिवशी त्यांच्याच दारात उभा राहतो, कारण नळाचं कनेक्शन कोणाच्या नावावर आहे हेसुद्धा त्यांनाच माहीत. तुमच्या दोन घरांना सत्ता कोणी दिली नाही. बाकी सगळं फिरत राहिलं आणि ती जागची हलली नाहीत, एवढंच.

पाळकाच्या बाजूनेही बघा. त्याची बदली वरून होते, पगार कित्येकदा वरून येतो, मुलांच्या शाळेची सोय वरच्यांच्या मर्जीवर. माणूस साहजिकच वर बघतो. अहवालात सगळं आलबेल लिहितो, तिसऱ्या वर्षी कुठल्याही भांडणाला हात घालत नाही. मंडळीला हे न सांगता कळतं, आणि मग तीही त्याच्याकडे पाहुणा म्हणूनच बघते. जेवायला बोलवायचं, पण घरचं भांडण सांगायचं नाही.

फेलोशिपमध्ये नेमकं उलटं. पास्टर कायमचा, माणसं फिरती. पटलं नाही तर सभेत बोलायची सोय नाही, कारण सभाच नाही. पटेनासं झालं की माणूस शांतपणे दुसऱ्या फेलोशिपला जातो. मग राहतात ते मनापासून राहिलेले, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे केवढी एकी! नाराज माणसं त्या खोलीत नसतातच. आपल्याकडे नाराज माणूस आजोबांच्या थडग्यापायी, लग्नाच्या दाखल्यापायी, भावकीपायी जात नाही. तो राहतो, मागच्या बाकावर बसतो आणि दहाची नोट टाकतो. ही दहाची नोट म्हणजे त्याचं मतदान समजा. दुसरं मत त्याला नाही.

"पण फेलोशिप हिशेब देत नाही, तरी मुलं तिथे दशांश देतात, ते कसं?" असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर मला कापणीच्या सणाने शिकवलं. आपल्याकडे उपासनेनंतर वाणांचा, म्हणजे अर्पण आलेल्या धान्य-भाज्यांचा, लिलाव होतो. वीस रुपयांचा भोपळा, बोली चढत चढत पाचशेला सुटतो. घेणारा तोच, जो रविवारी दहा टाकतो! लिलावात त्याचं नाव घेतलं जातं, टाळ्या पडतात, आणि ते पैसे कुठे जाणार (खिडक्यांची तावदानं, बाजाची पेटी) हे त्याला तिथेच ऐकू येतं. थैलीतली नोट कुठे जाते ते त्याला कधीच कळलेलं नसतं. फेलोशिपचा मुलगा हिशेब बघत नाही, पण गिटार कोणाच्या पैशातून आली आणि भाडं कोणी भरलं हे त्याला ठाऊक असतं. तो विश्वास हिशेबाचा नाही, जवळिकीचा आहे. तो किती टिकतो? मी तीन फेलोशिप फुटताना जवळून पाहिल्या. एकीत पास्टरनंतर मुलगा गादीवर आला, दुसरीत जागा पास्टरच्या नावावर निघाली, तिसरीचं कारण सांगण्यासारखं नाही. तिन्ही ठिकाणी सभासदांची यादीच नव्हती, म्हणून भांडायला बसायचं तरी कोणी हेही ठरत नव्हतं. तुमची मुलं आज खूश आहेत. त्यांच्यावर रागावू नका, वाट बघा, आणि त्यांचं नाव आपल्या यादीतून कापू नका.

भोपळ्यावरून माझीही एक कबुली. आमच्याकडे एकूण जमेच्या ठरावीक हिश्शाने धर्मप्रांताचा वाटा भरायचा असे. नियम रास्तच होता, वरचा कारभार कुठून चालणार? पण त्यातून आम्हा खजिनदारांना एक खोड लागली. जी जमा 'खास कामासाठी' म्हणून दाखवता येईल ती वाट्यातून सुटते. म्हणून इमारत फंड, नाताळ फंड, कापणी फंड, अशी वेगवेगळी पासबुकं. मी स्वतः चार वर्षं लिलावाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले. एक रुपयाही खाल्ला नाही, आणि त्या काळात मला त्याचा अभिमान वाटायचा. मंडळीचा पैसा वाचवला! पुढे माझ्यानंतरच्या माणसाने तेच पासबुक वापरलं आणि त्याचा हिशेब लागला नाही, तेव्हा त्याला बोलायला मला तोंड नव्हतं. आकारणीचा एक नियम प्रामाणिक माणसाला लपवायला शिकवतो, आणि लपवायची सवय प्रामाणिक माणसापाशी थांबत नाही.

निवडणुकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या सोडून चालणार नाही. आपल्या भागात सभासदत्व आणि मतदान म्हटलं की माणसाला एकच नमुना माहीत असतो, साखर कारखाना आणि विकास सोसायटी. प्रवरानगरपासून सगळ्या पट्ट्यात पॅनल, चिन्ह, 'परिवर्तन' विरुद्ध 'विकास' हीच लोकशाहीची शाळा. बोस्टनच्या माणसांनी मंडळीप्रधान पद्धत आणली, पण ती चालवायची कशी हे आपण कारखान्याच्या निवडणुकीत शिकलो. म्हणून दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर पूर्ण सभासद होण्याचा विधी) झालेल्या आणि वर्गणी चालू असलेल्या सभासदांचीच यादी करायची म्हटलं की निवडणुकीच्या वर्षी मार्चमध्ये पावत्यांची झुंबड. एकदा यादी तपासताना चाळीस पावत्या एकाच पेनाने, एकाच शाईत, एकाच दुपारी फाडलेल्या सापडल्या. त्यातले काही सभासद पुण्याला, एक सौदीला. ज्याने पैसे भरले तो हसून म्हणाला, "काका, दान तर झालं ना!"

पॅनल जिंकलं की सगळ्या जागा त्याच्या. हरलेल्यांना पुढची तीन वर्षं कमिटीत खुर्ची नाही, हिशेब बघायला नाहीत, काही नाही. मग त्यांना उघडं असलेलं एकच दार, धर्मादाय आयुक्तांचं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. त्याला हरकत घेतली की प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं, आणि आयुक्तांच्या नोंदीतल्या परिशिष्टावर जुनेच विश्वस्त राहतात. एका ठिकाणी नोंदीतल्या सातपैकी तीन विश्वस्त दफनभूमीत होते. बँक म्हणते, नोंदीतल्या सह्या आणा. जागा विकायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम 36 खाली आधी परवानगी लागते, ती कोण मागणार? 1970 च्या जोडणीच्या वेळचे कागदही कच्चेच राहिलेले. गुजरातमधल्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ ब्रदरनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं, की मंडळीने ठराव करून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालो म्हटल्याने नोंदणीकृत ट्रस्ट आणि त्याची मालमत्ता आपोआप तिकडे जात नाही, कायद्याची रीत पाळावी लागते. हा निकाल आपल्याकडच्या मंडळ्यांत किती लोकांनी वाचला असेल कोण जाणे, पण 'आमचा ट्रस्ट वेगळा' म्हणणाऱ्या प्रत्येक गटाच्या वकिलाने नक्की वाचला. परिणाम सरळ आहे. प्रार्थनासभेत 'हरकतदार', 'स्टे', 'पुढची तारीख' हे शब्द आले. प्रभुभोजनाच्या कठड्याशी वादी आणि प्रतिवादी शेजारी गुडघे टेकतात, आणि दोघांची लेकरं हे बघतात.

कॅथलिकांकडे हे नाही, म्हणून तिकडे सगळं चांगलं असं वाटायला लागतं. वसईत माझे जुने सहकारी आहेत, त्यांच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) हिशेब मी बसून पाहिलेत. 1983 च्या त्यांच्या कायदेसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, पण धर्मग्राम परिषदेचं मत सल्ल्यापुरतं. शेवटचा शब्द फादरांचा. निवडणुकीची झिंग नाही, पॅनल नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हाकेला हजारो माणसं रस्त्यावर आली, त्यात या बांधणीचा मोठा वाटा होता. घंटा एक, वेदी एक, निरोप एका रविवारी सगळ्या गावांत. आमच्यासारख्यांना पहिली बैठक कोणी बोलवायची यातच पावसाळा गेला असता. पण तोच मित्र मला सांगतो, की 2021 नंतर पोप फ्रान्सिस यांच्या सिनडसाठी (धर्मसभेसाठी) गावोगाव लोकांची मतं विचारली, तेव्हा एका बैठकीत पहिली दहा मिनिटं शांतता होती आणि मग एक आजी म्हणाल्या, "फादर, तुम्हाला काय पायजे ते सांगा, आमी तेच बोलू." आजी विनोद करत नव्हत्या. चारशे वर्षांची सवय बोलत होती.

गोव्यात आणखी निराळं. तिथल्या जुन्या चर्चांत मालमत्ता बघणारी फाब्रिका आणि सणाचा मान सांभाळणाऱ्या कोन्फ्रारिया, म्हणजे बंधुमंडळं. काही गावांत कोन्फ्रारियाचं सभासदत्व गावकरांच्या, म्हणजे गावच्या मूळ मानकऱ्यांच्या, घराण्यांकडेच, बाकीच्यांना मिरवणुकीत मागची जागा. याच मानावरून झालेला कुंकळ्ळीचा वाद ऐकला असेल. जन्मावरून मान ठरणारी रचना असली की माणूस श्रद्धेपेक्षा मानासाठी जास्त ईर्ष्येने लढतो, हे सांगायला गोव्यापर्यंत जायला नको, आपल्या गावच्या जत्रेतही दिसतं.

आणि मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी. 1882 मध्ये मुंबईत आली, नगर जिल्ह्यात रुजली. तिथे तर सरळ फौजेचीच रचना, कॅप्टन, मेजर, सैनिक. हुकूम आला की बिस्तरा बांधायचा. निवडणूक नाही, आणि माझ्या पाहण्यात तक्रारही कमी, पण स्थानिक माणूस स्वतःहून एखादं काम सुरू करतोय असंही मी क्वचितच पाहिलं. माझा त्यांच्याशी संबंध थोडा आला, तेव्हा यापलीकडे बोलत नाही.

आता उलट बाजू. सगळं खापर रचनेवर फोडू नका. एकाच धर्मप्रांतात, एकाच घटनेखाली, तीस किलोमीटरवरच्या दोन मंडळ्या अगदी वेगळ्या वागतात हे मी पाहिलंय. एकीत वर्षाचा हिशेब छापून बाकावर ठेवतात, दुसरीत मागणाऱ्याला "तुमचा विश्वास नाही का?" असं विचारतात. दोन्हींची घटना शब्दशः एक. शिवाय माणसंही आपल्या स्वभावाला मानवेल अशी रचना घडवत जातात. भावकीचं गाव असेल तर कमिटीचीही भावकी होते.

म्हणून घटनादुरुस्तीपासून सुरुवात करू नका. तो रस्ता लांब आहे, आणि त्याच्या शेवटी पुन्हा वकील. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी काय केलं? कुरकुर करणाऱ्यांना भक्ती वाढवा म्हणून सांगितलं नाही. सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातांची नावं बघा. स्तेफन, फिलिप्प, सगळी ग्रीक! ज्यांची तक्रार, त्यांच्याकडचीच माणसं वाटपावर. मला विचाराल तर मंडळीच्या कारभारावरचं याहून नेमकं पान नाही.

तुमच्याकडे याचा अर्थ असा, की थैली मोजायला दर रविवारी वेगळी तीन माणसं, त्यात मागच्या बाकावरचा एक जण हवाच, आणि आकडा त्याच दिवशी फळ्यावर. चेकच्या सह्यांमध्ये एक सही महिला मंडळातली घ्या. हे मी शोभेसाठी सांगत नाही. जवळजवळ प्रत्येक मंडळीत सगळ्यात चोख वही महिला मंडळाची असते, कारण तिथे जमाखर्च दर महिन्याला मोठ्याने वाचतात आणि पदं गोल फिरतात. बाकं बायका भरतात आणि खुर्च्या पुरुष, हे एवढं अंगवळणी पडलंय की त्या वहीकडे कोणाचं लक्ष जात नाही. तरुणांना 'तरुण संघ' म्हणून क्रिकेटचे सामने भरवायला देऊ नका. त्यांच्या हातात खरी रक्कम आणि खरा निर्णय द्या, चुकले तर चुकू द्या. मतदारयादी निवडणुकीच्या एक वर्ष आधी बंद करा, म्हणजे मार्चची झुंबड आपोआप थांबते.

पॅनलवर एक औषध एका मंडळीत चाललेलं पाहिलं. नऊपैकी सहा जागा वस्तीवार मतदानाने, आणि तीन जागा इच्छुकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनीच झाली होती म्हटल्यावर विरोध करणाऱ्यांची पंचाईत झाली. तीन जागा कोणाच्याच हातात नाहीत म्हटल्यावर सगळ्या नऊ जागांचं पॅनल करण्यात अर्थ उरला नाही. पहिल्या चिठ्ठीत निघाल्या एक निवृत्त नर्स, ज्यांनी तोवर सभेत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "दफनभूमीच्या कुंपणाचे पैसे दोनदा कसे दिले?" दिले होते, दोनदा.

तुमच्या पत्रात सगळं आहे, एक सोडून. शेवटची वार्षिक सर्वसाधारण सभा कधी झाली, आणि तिच्या इतिवृत्तावर किती जणांच्या सह्या आहेत? इतिवृत्ताची वही त्या दोन घरांपैकी एकाकडे असेल. रविवारी उपासनेनंतर, चारचौघांत, गोड शब्दांत बघायला मागा. ती मिळते की "घरी राहिली" असं ऐकायला मिळतं ते कळवा, मग पुढचं बोलू.